जंतू जहाल कशाने होतो?



या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण अशा विषयांवर अधिकारी माणसे बोलून जातात. तेथे नववीत शाळा सुटलेल्या आणि पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर नि कामगारांच्या सभांत झालेल्या माणसाने उभे राहावे, आणि तेही कोंबडीच्या पायाच्या दुखण्यावर बोलायला, याचे कुणाला हसू आले तर मी राग मानणार नाही. पण विषय मी हौसेने निवडलेला नाही. कोंबड्यांच्या शेडवर, खाद्याच्या कारखान्यात आणि कोंबडी कापण्याच्या कारखान्यात राबणाऱ्या स्त्री-पुरुषांत मी गेली अनेक वर्षे संघटनेचे काम करतो. तेथे एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. शेडमध्ये लंगडे पक्षी वाढले की दोष कुणाचा? वरून दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, शेडवरच्या माणसाने स्वच्छता ठेवली नाही. दोन, या खेपेचा जंतू फार जहाल होता. पहिल्या उत्तराने गड्याचा पगार कापला जातो आणि दुसऱ्याने चौकशीच संपते. म्हणून मी ठरवले की जंतू जहाल असतो म्हणजे काय, हे एकदा मुळापासून समजून घ्यावे. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम रोगाचे रूप पाहू. मांसासाठी वाढवलेला पक्षी, ज्याला आपण ब्रॉयलर म्हणतो, पाचसहा आठवड्यांत विक्रीला जातो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात काही पक्षी पाय ओढू लागतात. एक पंख टेकवून तोल सावरतात. मग उठतच नाहीत. खाद्य आणि पाणी चार हातांवर असते, पण तेथवर जाववत नाही. तहानेने, भुकेने आणि इतरांच्या पायांखाली ते संपतात, किंवा शेडवरचा माणूस त्यांना बाजूला काढून मारतो. असा पक्षी उघडून पाहिला तर कधी घोट्याचा सांधा सुजलेला असतो आणि आत पनीरसारखा पिवळट, घट्ट पू असतो, कारण पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. पुष्कळदा मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. खुब्यात मांडीच्या हाडाचे डोके आतून सडून ठिसूळ झालेले असते, हाताने ओढताच तुटून येते. नडगीच्या वरच्या टोकाशीही तेच होते. एका प्रकारात कीड पाठीच्या कण्यात शिरते. कोंबडीच्या छातीमागचे बहुतेक मणके एकमेकांना जुळून गेलेले असतात, त्यांत एकच मोकळा, हलता मणका उरतो. जंतू नेमका तो गाठतो, सूज मज्जारज्जूवर दाबते आणि पक्षी पाय पुढे पसरून बुडावर बसतो.

हे करणारे जंतू एकच नव्हेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्यांतला जुना आणि कुप्रसिद्ध. अ‍ॅबर्डीनचे शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास माणसाच्या गळवांतल्या पुवात गोल जंतूंचे घोस पाहिले आणि द्राक्षांच्या घडावरून या कुळाला स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. मग आतड्यातला ई. कोलाय. कण्याचा रोग करणारा एंटेरोकॉकस सेकोरम. सांध्याच्या आवरणाला सूज आणणारा मायकोप्लाझ्मा सायनोव्ही. यांतले काही पाहुणे नव्हेत, घरचेच आहेत. एंटेरोकॉकस सेकोरम निरोगी कोंबडीच्या आतड्यात सुखाने नांदतो. स्टॅफिलोकॉकस तर आपल्या नाकातही असतो. या सभागृहात बसलेल्या दर तीन माणसांमागे सुमारे एकाच्या नाकात तो आत्ता आहे, आणि तरीही आपण सारे शांतपणे भाषण ऐकत आहात. मग घरातलाच हा मवाळ शेजारी जहाल केव्हा होतो?

हा प्रश्न विज्ञानापुढे पहिल्यांदा नीट उभा राहिला तो कोंबडीमुळेच. लुई पाश्चर १८७९-८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करीत होते. या रोगात पक्षी झटपट मरतात, आणि जे रेंगाळतात त्यांच्या गलोल्या नि सांधे सुजतात. पाश्चरांना दिसले की प्रयोगशाळेत बरेच दिवस पडून राहिलेला जंतू टोचला तर कोंबडी थोडी आजारी पडते आणि सावरते. पुढे तिला ताजा, मारक जंतू टोचला तरी ती तगते. रोग देणारा जंतू सौम्य करून त्याचीच लस करता येते, हा शोध यातून निघाला आणि १८८० साली तो जाहीर झाला. लशीचे महत्त्व आपण सारे जाणतो. मला मोलाची वाटते ती त्यामागची दुसरी गोष्ट. जंतूची मारकशक्ती कायमची कोरलेली नसते. जंतू तोच, पण परिस्थितीने त्याचा जहालपणा चढतो आणि उतरतो.

आता जंतूच्या बाजूने हिशेब मांडू, कारण जंतू निर्दोष आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी स्टॅफिलोकॉकसला चार कामे करावी लागतात. पहिले, आत शिरणे: पायाच्या जखमेतून, फुप्फुसातून, आतड्याच्या कमकुवत झालेल्या अस्तरातून. दुसरे, रक्तात जगणे, कारण तेथे पांढऱ्या पेशी पहारा देत असतात. काही जंतूंच्या अंगावर शर्करेचे गुळगुळीत कवच असते, पेशीला ते धरता येत नाही. कण्याचा रोग करणाऱ्या एंटेरोकॉकसची तुलना आतड्यातल्या गरीब भावंडांशी केली तेव्हा रोगकारक जातींत असे कवच घडवणारी जनुके वेगळी उठून दिसली. तिसरे काम चिकटण्याचे. हाड आणि कूर्चा यांत कोलॅजेन नावाचे दोरखंडासारखे प्रथिन असते. स्टॅफिलोकॉकसजवळ अशा प्रथिनांना धरणारे आकडे असतात. चौथे काम ठाण मांडण्याचे. तो रक्त गोठवणारे द्रव्य सोडून भोवती गुठळीची तटबंदी उभारतो, चिकट थर विणून त्यात लपतो, आणि मग विषांनी नि पाचकद्रव्यांनी भोवतालच्या पेशी फोडतो.

यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून हसलो. हा जंतू हत्यारे भलत्या वेळी काढत नाही. प्रत्येक जंतू एक बारीकसा रासायनिक निरोप बाहेर सोडत असतो. संख्या थोडी असते तोवर निरोप विरळ असतो, आणि जंतू चिकटण्याच्या साधनांवर भर देऊन गुपचूप बसतो. संख्या वाढली, निरोप दाट झाला, की सारे जंतू जवळजवळ एकाच वेळी चिकटणे कमी करून विषे ओतू लागतात. म्हणजे पुरेसे सभासद झाल्याशिवाय संपाची नोटीस द्यायची नाही, हे तत्त्व त्यांना आपल्या आधी कळलेले आहे! पण विनोद बाजूला ठेवला तर अर्थ गंभीर आहे. एकट्यादुकट्या जंतूला गर्दी करायला जी जागा निवांत मिळेल, तेथेच तो जहाल होईल. अशी निवांत जागा शरीरात येते कोठून?

त्यासाठी हाडाकडे वळू. लांब हाड टोकाशी वाढते. तेथे कूर्चेचा थर असतो. तो सतत नवी कूर्चा घालतो आणि मागून तिचे हाड होत जाते. याच थरापाशी बारीक रक्तवाहिन्या येऊन वळतात आणि तेथे रक्त संथ होते. लहान मुलांना हाडाचा संसर्ग होतो तो बहुधा लांब हाडांच्या वाढत्या टोकापाशीच, आणि त्याचे सर्वांत सामान्य कारण हाच स्टॅफिलोकॉकस असतो. तेव्हा ही जागा मुळातच नाजूक. आता तिच्यावर वजन किती आणि किती लवकर घातले गेले ते पाहा.

अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात 'उद्याची कोंबडी' नावाने स्पर्धा झाल्या. त्यांची राष्ट्रीय फेरी १९४८ साली भरली. रुंद छातीचा, झटपट वाढणारा पक्षी कोण पैदा करतो, ही ती चढाओढ. तिचा पुढचा परिणाम कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने मोजून दाखवला. तेथे १९५७ आणि १९७८ सालची वाणे बदल न करता जपून ठेवली होती. ती आणि २००५ सालचे बाजारी वाण अशी तिन्ही एकत्र, एकच खाद्य घालून वाढवली. २०१४ साली आकडे प्रसिद्ध झाले. ५६ दिवसांच्या पक्ष्याचे वजन १९५७ च्या वाणात ९०५ ग्रॅम, १९७८ च्या वाणात १,८०८ ग्रॅम आणि २००५ च्या वाणात ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच, आणि भार साडेचारपटीहून अधिक. हा भार आठ आठवड्यांच्या कोवळ्या हाडांवर.

या ओझ्याखाली वाढीच्या टोकाशी कूर्चेला बारीक चिरा पडतात. तेथल्या रक्तवाहिन्या चेपतात नि फाटतात, कोलॅजेन उघडे पडते. रक्तातून वाहत आलेल्या एखाद्या जंतूला हात टेकायला जागा मिळते. रक्तपुरवठा तुटलेला असल्याने पांढऱ्या पेशी तेथे पोहोचत नाहीत आणि औषधही पोहोचत नाही. गर्दी करायला याहून सुरक्षित बिळ कोणते?

अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात रॉबर्ट वाइडमन यांनी याची पारख केली. त्यांनी पक्षी भुश्याच्या गादीऐवजी तारेच्या जाळीवर वाढवले. डळमळत्या पायाखालामुळे सांध्यांवर ताण वाढला आणि लंगडेपणाही वाढला. वरून कोणताही जंतू टोचलेला नव्हता, आधीच अंगात असलेल्या जंतूंनीच काम केले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या पक्ष्यांना आतड्याला हितकर असे जिवाणू खाद्यातून दिले होते, त्यांच्यात लंगडेपणा कमी आला. म्हणजे कुंपण आतड्यात मजबूत केले की त्याचा फायदा खुब्याला होतो.

पण याच विद्यापीठात नाण्याची दुसरी बाजूही सापडली. लंगड्या पक्ष्यांच्या हाडांत त्यांना स्टॅफिलोकॉकस अ‍ॅग्नेटिस नावाचा जंतू वारंवार आढळला. हे नाव त्याला २०१२ साली मिळाले होते, तेही गाईंच्या कासेच्या दाहावरून. हा जंतू जाळीवरच्या पक्ष्यांना नुसता पिण्याच्या पाण्यातून दिला, तरी अर्ध्याहून अधिक पक्षी लंगडे झाले. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले. तेव्हा जंतूत फरक असतोच. एक घरात वर्षानुवर्षे राहून त्रास देत नाही, दुसरा पाण्याच्या घोटातून येऊन हाड पोखरतो. मात्र या जहाल जंतूचा पराक्रमसुद्धा ताणलेल्या हाडावर दिसला, हे विसरून चालणार नाही. जहालपणा जंतूच्या खिशातल्या हत्यारांत असतो आणि त्याला मिळालेल्या जागेतही असतो. दोन्ही मिळून रोग होतो. यातला एकच भाग सांगणारा अर्धी हकीकत सांगतो.

आता हत्यारे येतात कोठून, हे पाहू. येथे आपल्याला, माणसांना, मान खाली घालायला लावणारी एक हकीकत आहे. एडिंबरोचे रॉस फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतल्या ब्रॉयलर पक्ष्यांतून मिळालेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसची वंशावळ जनुकांवरून लावली. २००९ साली त्यांनी लिहिले की यांतले बहुसंख्य जंतू एकाच पूर्वजाचे वंशज आहेत, आणि तो पूर्वज कोंबडीत आला तो माणसातून. काळ त्यांच्या अंदाजाने सुमारे ३८ वर्षांपूर्वीचा, म्हणजे १९७० च्या आसपासचा, आणि मूळ शाखा पोलंडमधल्या माणसांत आढळणारी. कोंबडीत आल्यावर त्याने पक्ष्यांच्या जंतूंकडून नवी जनुके उचलली, कोंबडीच्या पांढऱ्या पेशींकडून मरेनासा झाला, आणि माणसाला छळण्यासाठी लागणारी काही जुनी हत्यारे त्याने गंजू दिली. नव्या मालकाकडे नोकरी धरली की माणूस नवे काम शिकतो नि जुने विसरतो, तसेच हे.

एका माणसाच्या हातावरचा वा नाकातला जंतू साऱ्या जगभर कसा गेला? त्याचे एक संभवनीय कारण धंद्याच्या रचनेत आहे. मांसाच्या कोंबड्यांची मूळ पैदास जगात मोजक्याच कंपन्यांच्या हाती एकवटली आहे, आणि तेथून पिल्ले देशोदेशी जातात. पूर्वी कोकणातल्या एका अंगणातली कोंबडी आजारी पडली तर रोग फार तर वाडीभर फिरत असे. आता वंश एक, खाद्य एक, वय एक आणि एका छपराखाली हजारो. अशा ठिकाणी जंतूला एकदा किल्ली सापडली की सगळी कुलपे त्याच किल्लीने उघडतात.

कुणी म्हणेल, पाखराला वेदना कसली? ते बोलत तर नाही. मलाही कामगारांच्या बाबतीत हे ऐकावे लागले आहे की तक्रार आली नाही म्हणजे दुखणे नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडीची साक्ष काढण्याची युक्ती केली. दोन रंगांचे खाद्य समोर ठेवले, त्यांतल्या एकात वेदनाशामक औषध मिसळले. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचे खाद्य धडधाकट पक्ष्यांपेक्षा जास्त निवडले. लंगडेपणा जितका अधिक, तितके ते अधिक खाल्ले, आणि ते खाऊन त्यांची चाल सुधारली. हे २००० साली प्रसिद्ध झाले. न बोलणाऱ्याचे म्हणणे ऐकायचे असेल तर त्याला निवड देऊन पाहावी, हा धडा मी तेथून घेतला.

आणि असे पक्षी थोडे नाहीत. ब्रिटनमध्ये ५१,००० पक्ष्यांची चाल तपासून २००८ साली अहवाल निघाला. सरासरी ४० दिवसांच्या वयाला २७.६ टक्के पक्ष्यांची चाल खराब होती आणि ३.३ टक्क्यांना जवळजवळ चालताच येत नव्हते. लंगडेपणाची कारणे अर्थात अनेक असतात, जंतुसंसर्ग हे त्यांतले एक. त्या अहवालाने धोका वाढवणाऱ्या गोष्टीही नोंदवल्या: पक्ष्याचे वाण, वाढते वय, दाटी, अंधाराचे तास कमी असणे. यादीत एक अडचणीची गोष्टही होती. जेथे प्रतिजैविके वापरली नव्हती तेथे चाल अधिक खराब होती.

ही अडचण झाकून ठेवू नये. प्रतिजैविकांनी लंगडेपणा कमी होतो, हे खरे. पण रोगी नसलेल्या हजारो पक्ष्यांच्या खाद्यात रोज औषध घालणे म्हणजे भार तसाच ठेवून हमालाला अफू चारण्यासारखे आहे. आणि औषधाच्या सहवासात जंतू शिकतात. आपल्या दवाखान्यांत शेवटचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन जनावरांच्या खाद्यातून दिले जात होते. भारत सरकारने २०१९ साली खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली, ते योग्यच केले. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके घालणे २००६ च्या आरंभापासून बंद केले. ज्या घरात आज चिकन शिजते त्याच घरातल्या मुलाला उद्या त्याच औषधांची गरज पडणार आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मग उपाय काय? जो उपाय मला सर्वांत बोलका वाटतो, त्यात औषध नाही, विश्रांती आहे. दिवे रात्रभर जळत ठेवले तर पक्षी अधिक खातो नि लवकर भरतो. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमाने सांगितले की चोवीस तासांत किमान सहा तास अंधार हवा आणि त्यांतले चार तास सलग. हे वाचले तेव्हा मला नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण झाली. १८८४ साली परळच्या सभांतून गिरणी कामगारांनी आठवड्याची सुट्टी मागितली आणि १० जून १८९० रोजी रविवार मिळाला. गिरणी चालू राहिली, बुडाली नाही. शरीराला झीज भरून काढायला वेळ लागतो. ते शरीर दोन पायांच्या माणसाचे असो की दोन पायांच्या पाखराचे.

त्याच्या जोडीला इतर गोष्टी येतात: कोरडी, वेळेवर पालटलेली गादी, शुद्ध पाणी, दाटी कमी, पहिल्या आठवड्यांत वाढीचा वेग थोडा आवरलेला, पायांचा विचार करून निवडलेले वाण, आणि लंगड्या पक्ष्यांची रोजची लेखी नोंद. यांतल्या बहुतेक गोष्टी शेडवरच्या गड्याच्या हातात नाहीत. कराराने पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याच्याही हातात नाहीत. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज, मेहनत शेतकऱ्याची. मोबदला किलोवर, आणि किती खाद्यात किती वजन भरले यावर. वाण दुसऱ्याने निवडायचे, वेग दुसऱ्याने ठरवायचा आणि मेलेल्या पक्ष्यांचा हिशेब मात्र याने द्यायचा. अशा करारात अंधाराचे सहा तास आणि मोकळी जागा यांचा खर्च कोण सोसणार, हे लिहिले गेले पाहिजे. ते लिहिले जाईपर्यंत शेडमध्ये टांगलेल्या सूचनाफलकांचा उपयोग थोडाच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी एखाद्या शेडमध्ये पक्षी बसले, तर जंतूचे नाव अवश्य शोधा. त्याच्याजवळ कोणती हत्यारे आहेत, कोणते औषध त्याला लागू पडते, ते प्रयोगशाळेत तपासा. आणि त्याच कागदावर, त्याच्याच शेजारी, पक्षी किती दिवसांचा होता, वजन किती होते, दिवे किती तास जळत होते, एका चौरस मीटरवर किती पक्षी होते आणि गादी कधी पालटली होती, हेही लिहा. असा कागद भरला गेला तर शेडवरच्या बाईला किंवा गड्याला उगाच गुन्हेगार ठरवता येणार नाही, पशुवैद्याला खरे निदान करता येईल, आणि विकत घेऊन खाणाऱ्या आपल्यालाही कळेल की स्वस्त कोंबडीची उरलेली किंमत कुणी भरली.